एपी आर्ट घेतलंय? वर्षभर काय करायचं आणि कसं करायचं

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास मराठी मंडळाच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, की मुलीने एपी आर्ट घेतलंय, ड्रॉईंग तिचं चांगलं आहे, तर पेपर कसा असतो आणि क्लास लावायचा का. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, अमेरिकेत हायस्कूलमधेच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स. मी इथे अमेरिकेत हायस्कूलमधे आर्ट शिकवते, आणि माझं शाळेपर्यंतचं शिक्षण महाराष्ट्रातलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा रीतसर दिलेल्या, त्यामुळे आईबाबांच्या डोक्यात काय असतं ते मला बरोबर कळतं. एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते, मुलांनी पण वाचा आणि आईबाबांनी पण.

पहिलं म्हणजे बसून द्यायचा पेपर यात नसतोच. कोर्सचं नाव एपी आर्ट अँड डिझाईन, एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचा. वर्षभर केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ मेच्या सुरुवातीला ऑनलाइन अपलोड करायचा, तो शाळेबाहेरचे परीक्षक बघतात आणि जुलैत १ ते ५ मधला स्कोअर येतो. एपी आर्ट हिस्टरी हा पूर्ण वेगळा विषय आहे बरं का, त्यात जगभरातल्या २५० कलाकृती अभ्यासायच्या असतात, आपला सांचीचा स्तूप, नटराज, ताजमहाल पण आहेत त्यात, आणि तिथे मात्र लेखी परीक्षा असते. दोन्हीत गल्लत होते लोकांची, म्हणून शेड्यूल हातात आलं की विषयाचं नाव नीट वाचा.

इंटरमिजिएट दिलेल्यांना आठवत असेल, समोर मांडलेल्या वस्तूंचं स्थिरचित्र, दिलेल्या विषयावर स्मरणचित्र, मग संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. विषय पेपरात येतो, वेळ ठरलेली, काम स्वच्छ आणि रेखाटन पक्कं असलं की ए ग्रेड. त्या तयारीचा इथेही खूप उपयोग होतो, नजर आणि हात बसलेलं मूल पहिल्या आठवड्यातच वेगळं ओळखू येतं. पण एपीत विषय कोणी देत नाही. मुलाने स्वतःचा एक प्रश्न शोधायचा, वर्षभर त्याच्या मागे लागायचं, आणि ते मागे लागणं चित्रांमधे दिसलं पाहिजे. इथेच आपली हुशार मुलं अडकतात, कारण १५ सुंदर चित्रं काढतात आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो.

आता रचना सांगते. पोर्टफोलिओ तीन प्रकारचे, ड्रॉईंग, टू-डी आणि थ्री-डी. ड्रॉईंग म्हणजे फक्त पेन्सिल नाही, पेंटिंग, शाई, प्रिंट, काही प्रमाणात डिजिटल सुद्धा चालतं, मुख्य लक्ष रेषेवर, खुणेवर, पृष्ठभागावर, छायाप्रकाशावर. टू-डीमधे फोटोग्राफी, कोलाज, ग्राफिक डिझाईन, कापडावरचं काम असं सगळं बसतं, तिथे रचना कशी केलीये ते बघतात. थ्री-डीत माती, तार, पुठ्ठा, दागिने, इन्स्टॉलेशन. कोणता निवडायचा हे सप्टेंबरमधेच ठरवायची घाई करू नका, आधी काम सुरू करा, दोन महिन्यात कळतं मुलाचा ओढा कुठे आहे, फक्त परीक्षेची नोंदणी बऱ्याच शाळांमधे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पक्की करावी लागते ते लक्षात ठेवा.

प्रत्येक पोर्टफोलिओचे दोन भाग. मोठा भाग सस्टेन्ड इन्व्हेस्टिगेशन, म्हणजे एकाच प्रश्नाचा वर्षभर केलेला शोध, १५ इमेजेस, स्कोअरमधे ६० टक्के. दुसरा सिलेक्टेड वर्क्स, म्हणजे तुमची सगळ्यात चांगली ५ कामं, ४० टक्के. थ्री-डीवाल्यांनी ५ कामांचे प्रत्येकी दोन बाजूंनी फोटो द्यायचे. सिलेक्टेड वर्क्स पहिल्या भागातूनच घेतली तरी चालतात, वेगळी दिली तरी चालतात, त्यामुळे २० नवी चित्रं लागतात असा जो समज आहे तो चुकीचा आहे. आणि १५ इमेजेस म्हणजे १५ पूर्ण झालेली चित्रं असंही नाही, त्यात कच्चे स्टडीज, स्केचबुकची पानं, अर्धवट अवस्थेतले फोटो, जवळून घेतलेले तपशील येऊ शकतात, पण प्रत्येक इमेजने काहीतरी नवीन सांगायला हवं, नुसती भरती केलेली परीक्षकाला लगेच कळते.

प्रश्न शोधणं हे सगळ्यात अवघड काम आणि यावरच मी जास्त लिहिणार आहे. मुलांना विचारलं की विषय काय, तर उत्तरं येतात, निसर्ग, भावना, भारतीय संस्कृती, मेंटल हेल्थ. हे विषय आहेत, प्रश्न नाहीत. भारतीय संस्कृती घेतली की एक गणपती, एक भरतनाट्यमची मुद्रा, एक रांगोळी, एक मेंदीचा हात, संपलं. चौथ्या चित्रानंतर पुढे काय करायचं कळत नाही कारण शोधायचं असं काही ठेवलेलंच नसतं. चांगल्या प्रश्नात "कसं" असतं आणि त्याचं उत्तर हाताने काम केल्याशिवाय मिळत नाही.

उदाहरण देते. समजा एखादीचे आजीआजोबा साताऱ्याला आहेत आणि भेट होते ती बहुतेक व्हिडिओ कॉलवर. कॉलवर आजीचं निम्मं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो, चेहरा मधेच गोठतो, आवाज मागून येतो. प्रश्न असा होऊ शकतो, की स्क्रीनमधून भेटणाऱ्या माणसाचं काय काय आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि ते न पोचणं चित्रात कसं दाखवायचं. आता बघा कामं कशी सुचत जातात. आधी कॉल चालू असताना चारकोलने भराभर पाच-पाच मिनिटांची स्केचेस. मग त्यातल्या एकावरून नीट पूर्ण केलेलं पोर्ट्रेट, ते छान होईल, पण त्यात आजी पूर्ण दिसते, हरवलेलं काही दिसत नाही, हे तिला स्वतःला जाणवायला हवं. मग तेच पोर्ट्रेट काळ्या केलेल्या कागदावर खोडरबराने उजळत काढून बघायचं. मग त्याची झेरॉक्स आडव्या पट्ट्यांत कापून थोडी थोडी सरकवून चिकटवायची, नेट अडकल्यावर दिसतं तसं. मग मोनोप्रिंट, म्हणजे प्लेटवर शाई लावून कागदावर घेतलेला छाप, कारण एकाच प्लेटवरून पहिला प्रिंट गडद येतो आणि दुसरा काढला तर फिकट, ज्याला घोस्ट प्रिंट म्हणतात, आणि इथे तंत्र आणि विषय एकमेकांत बसतात. मग तिला वाटेल की चेहऱ्यापेक्षा पंखाच जास्त बोलतोय, तर नुसतं छत आणि पंखा. मग बाजू उलटी करायची, आजीला स्क्रीनवर आपण कसे दिसत असू? मग ट्रेसिंग पेपरचे थर. शेवटी मोठ्या कागदावर साताऱ्याच्या घरातली अख्खी खोली आणि तिच्यात एका कोपऱ्यात फोनचा छोटा चौकोन.

यात प्रत्येक काम आधीच्या कामातून निघालं. कॉलेज बोर्डाच्या रूब्रिकमधे, म्हणजे मार्क देण्याच्या निकषांमधे, प्रॅक्टिस, एक्सपेरिमेंटेशन आणि रिव्हिजन असे तीन शब्द आहेत ते म्हणजे हेच, आणि वरचा स्कोअर हवा तर तिन्ही दिसावे लागतात. प्रॅक्टिस म्हणजे एकाच गोष्टीचा सराव, एक्सपेरिमेंट म्हणजे मटेरियल किंवा पद्धत बदलून बघणं, आणि रिव्हिजन म्हणजे झालेल्या कामाकडे परत जाऊन ते बदलणं किंवा नव्याने करणं. रिव्हिजन आपल्या मुलांना फार जड जातं, पूर्ण झालेल्या चित्रावर परत हात टाकायला जीव होत नाही. मी त्यांना सांगते की आधी फोटो काढून ठेव, मूळ चित्र फोटोत राहिलंच, आता कापायला, धुवायला, वर रंग चढवायला मोकळी झालीस. रूब्रिकमधे याशिवाय प्रश्न स्पष्ट आहे का, साहित्य-पद्धत-कल्पना एकमेकांत मिसळल्यात का आणि कौशल्य किती आहे हे बघतात. म्हणजे कौशल्याला मार्क आहेतच, फक्त सगळे मार्क त्यालाच नाहीत.

एकाच गोष्टीमागे लागणं म्हणजे काय हे मुलांना दाखवायला मी चित्रकार वासुदेव गायतोंडे दाखवते. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेले, रोलर आणि पॅलेट नाईफने रंगाचे थर चढवत आणि काढत वर्षानुवर्षं तोच शोध चालू. २०१४ मधे न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममधे त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. बाकी मुलं फ्रेंच चित्रकार मोनेच्या गव्हाच्या गंजी बघतात, एकच गंजी सकाळी, संध्याकाळी, बर्फात, पण आपल्या मुलांनी गायतोंडे पण बघावेत असं मला मनापासून वाटतं, आणि नक्कल करायला नव्हे, एक माणूस एकाच प्रश्नात किती खोल जाऊ शकतो ते बघायला.

आता नियम, आणि यात अजिबात सूट नाही. एआय कुठल्याही टप्प्यावर वापरायचं नाही, म्हणजे शेवटची इमेजच नव्हे, आयडिया काढायला, रचना बघायला, रेफरन्स म्हणून सुद्धा नाही. दुसऱ्याचा फोटो किंवा चित्र बघून जसंच्या तसं काढणं हे प्लेजिअरिझममधे, म्हणजे दुसऱ्याच्या कामाच्या चोरीत येतं. पिंटरेस्टवरचा फोटो ग्रिड टाकून हुबेहूब उतरवला, कितीही सुबक असला तरी उपयोग नाही. दुसऱ्याचं काम घेतलं तर ते इतकं बदललेलं हवं की त्यात तुमचा विचार दिसेल, आणि ते कुणाचं आहे ते लिहायला लागतं. सरळ मार्ग म्हणजे रेफरन्स फोटो स्वतः काढायचे. घरातली माणसं, स्वयंपाकघर, गराज, शाळेची बस, यातून भरपूर मिळतं.

यातच वारलीचा मुद्दा येतो. दरवर्षी कोणीतरी वारली करायचं म्हणतं, सोपं वाटतं, त्रिकोणाची माणसं आणि तारपा नाच. वारली हे पालघर-डहाणूकडच्या आदिवासींचं काम आहे, लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, तो काढणाऱ्या बाया, त्याला विधीचं स्थान. पुढे जिव्या सोमा म्हशेंनी ते कागदावर आणि जगभर नेलं, त्यांना २०११ मधे पद्मश्री मिळाली. ज्या मुलाचा त्या गावांशी काही संबंध नाही त्याने नुसत्या आकृत्या उचलून आपली संस्कृती म्हणून दाखवणं मला पटत नाही, आणि परीक्षकालाही त्यात मुलाचा स्वतःचा प्रश्न सापडत नाही. शिकायचं तर जरूर शिका, पण पोर्टफोलिओत तुमचं स्वतःचं काम येऊ द्या.

वर्षाचं वेळापत्रक साधारण असं जातं. बऱ्याच शाळांमधे उन्हाळ्याच्या सुट्टीतच काम देतात, स्केचबुक भरणं आणि दोन-तीन पूर्ण कामं, ते ऑगस्टच्या शेवटच्या रात्री करू नका, सुट्टीतल्या स्केचबुकातूनच प्रश्न सापडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे वेगवेगळे स्टडीज, प्रश्नाचा कच्चा मसुदा. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, प्रश्न बऱ्यापैकी घट्ट झालेला हवा, नंतर थोडा वळला तरी हरकत नाही, वळण हाही शोधाचा भाग, पण जानेवारीत पूर्ण नवीन विषय घेतला तर मेपर्यंत दम लागतो. हिवाळ्याचे महिने कामाचे, तेव्हाच सगळ्यात जास्त होतं. मार्चपासून निवड, क्रम, रिव्हिजन. एप्रिल पूर्ण फोटो आणि लिखाण यासाठी राखून ठेवा, एप्रिलमधे बाकीच्या एपींचा अभ्यास पण डोक्यावर असतो.

वर्गातल्या पिरियडमधे हे सगळं होत नाही हे आधीच समजून घ्या. घरी दर आठवड्याला काही तास लागतात आणि ते कॅल्क्युलसच्या होमवर्कसारखेच धरायचे, "झालं की चित्र काढ" असं नाही. घरात एक टेबल किंवा गराजचा एक कोपरा द्या जिथे काम पसरलेलं राहिलं तरी कोणी उचलणार नाही, रोज मांडणं आणि रोज आवरणं यात मुलांचा निम्मा उत्साह जातो. साहित्यावर खूप खर्च करायची गरज नाही, चारकोल, शाई, दोन बरे ब्रश, ग्वाश (अपारदर्शक जलरंग) किंवा अॅक्रिलिकचे मोजके रंग, पुठ्ठे, आणि भरपूर साधा कागद. महाग कागद समोर असला की मुलं घाबरून काम करतात.

वर्गात क्रिटिक असतो, म्हणजे काम भिंतीवर लावायचं आणि सगळ्यांनी बोलायचं. आपली बरीच मुलं इथे गप्प बसतात, किंवा स्वतःच्या चित्राबद्दल कुणी बोललं की समर्थन द्यायला लागतात. पहिल्यांदा फक्त ऐका आणि लिहून घ्या. दुसऱ्याच्या कामावर बोलताना "छान आहे" सोडून काय दिसतंय ते बोला, नजर आधी कुठे जाते, कुठला भाग रिकामा वाटतो, हा कागद का निवडलास. हे बोलणं आलं की स्वतःचं लिखाण आपोआप सुधारतं. क्रिटिकनंतर काय बदललं तेही स्केचबुकात तारीख घालून लिहा, रिव्हिजनबद्दल लिहिताना एप्रिलमधे हेच कामाला येतं.

लिखाण फार थोडं असतं पण महत्त्वाचं असतं. सस्टेन्ड इन्व्हेस्टिगेशनला दोन उत्तरं, एक तुमचा प्रश्न काय होता आणि दुसरं काम करताना सराव, प्रयोग, बदल कसे झाले, प्रत्येकी ६०० कॅरेक्टर्स, स्पेस धरून. ६०० म्हणजे जेमतेम शंभर इंग्रजी शब्द. त्यातली पहिली दोनशे कॅरेक्टर्स "मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे" यात घालवू नका, पहिल्याच वाक्यात प्रश्न मांडा. दुसऱ्या उत्तरात खरोखर काय केलं ते लिहा, कुठल्या इमेजमधे काय बदललं तो नंबर घालून लिहा, म्हणजे परीक्षक तिथे जाऊन बघू शकतो. "मी अनेक माध्यमांत प्रयोग केले" याने काही कळत नाही, "तिसऱ्या इमेजमधला चेहरा फार पूर्ण वाटला म्हणून सहाव्यात तो पट्ट्यांत कापून सरकवला" यातून सगळं कळतं. स्पेलिंग-व्याकरणाला मार्क नाहीत, पण लिहिलेलं आणि चित्रात दिसणारं जुळलं पाहिजे. प्रत्येक इमेजबरोबर साहित्य, पद्धत आणि आकार पण लिहायचा असतो, तिथेही जागा थोडीच, म्हणून काम संपलं की लगेच नोंद करून ठेवा, सात महिन्यांनी आठवत नाही कुठली शाई होती.

फोटोंमुळे चांगली कामं मार खातात, हे मी पुन्हा पुन्हा बघते. परीक्षकासमोर मूळ चित्र नसतं, फक्त फोटो असतो. फोन चालेल, पण फ्लॅश बंद, पिवळा दिवा बंद, दिवसा खिडकीच्या उजेडात किंवा ढगाळ दिवशी बाहेर. चित्र भिंतीला सरळ लावा आणि फोन त्याला समांतर धरा नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. ग्रॅफाइट आणि ऑइल चमकतात, थोडा कोन बदलून बघा. कडेची चादर, बोटं, टेबल क्रॉप करा, पण चित्राच्या कडा कापू नका. थ्री-डीला मागे साधा राखाडी किंवा पांढरा कागद, बाजूने एकच उजेड म्हणजे आकार उठून दिसतो. सही किंवा शाळेचं नाव दिसत असेल तर झाका, काम निनावीच जायला हवं. आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ड्राइव्हवर, नुसता फोनमधे नाही.

आईबाबांसाठी थोडं. क्लास लावायचाच असेल तर हात सुधारणारा लावा, फिगर ड्रॉईंग वगैरे, पण "एपी पोर्टफोलिओ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, तिथल्या सगळ्या मुलांची कामं एकसारखी दिसायला लागतात आणि प्रश्न मुलाचा राहत नाही. चित्र घाणेरडं, अर्धवट, काळंकुट्ट दिसलं म्हणून नाक मुरडू नका, त्याऐवजी विचारा की हे मागच्यापेक्षा वेगळं का केलंस. मुलाला उत्तर देता आलं की काम नीट चाललंय. कॉलेज बोर्डाच्या एपी सेंट्रल साइटवर आधीच्या वर्षांचे नमुना पोर्टफोलिओ स्कोअर आणि परीक्षकांच्या शेऱ्यांसकट आहेत, ते दोघांनी बसून बघा, ५ मिळालेला आणि ३ मिळालेला शेजारी ठेवून बघा, दहा ब्लॉग वाचून कळणार नाही ते तिथे कळेल.

क्रेडिट मिळेल का, म्हणजे कॉलेजात तेवढा कोर्स झालेला धरतील का, हे कॉलेजवर आहे, काही ठिकाणी मिळतं, काही ठिकाणी ५ असूनही नाही, ज्या कॉलेजांचा विचार आहे त्यांच्या साइटवर आधी बघून घ्या. आर्ट स्कूलला जायचं असेल तर त्यांचा स्वतःचा पोर्टफोलिओ वेगळा द्यावा लागतो आणि त्याची डेडलाइन मेच्या कितीतरी आधी असते, म्हणून बारावीला एपी आर्ट घेणाऱ्यांनी आदल्या वर्षीपासून कामं जमवायला लागा. नॅशनल पोर्टफोलिओ डे म्हणून कार्यक्रम वेगवेगळ्या शहरांत होतात, तिथे आर्ट कॉलेजांची माणसं समोर बसून काम बघतात, अर्ज करायचा नसला तरी एकदा जाऊन या.

शेवटचं काम अपलोडचं. फाइल्स एप्रिलच्या मध्यापासूनच एक एक करून चढवायला सुरुवात करा, क्रम बदलता येतो, लिखाण बदलता येतं, पण मुलाने स्वतः फायनल सबमिट केल्याशिवाय ते पुढे जात नाही. शाळेतला टीचर कॉलेज बोर्डाच्या डेडलाइनच्या काही दिवस आधीची तारीख देतो, तीच खरी तारीख धरा, कारण काही राहिलं असेल तर टीचरला ते परत पाठवून दुरुस्त करून घ्यायला तेवढाच वेळ असतो.